खारा वारा, धो धो पाऊस आणि घराची पन्हळ

कोकणात किंवा घाटमाथ्यावर घर बांधणारा माणूस चिरा कुठल्या खाणीचा, कौल कुठले, वासे सागाचे की फणसाचे यावर महिनोन्‌महिने विचार करतो. पन्हळीची वेळ येते तोवर पैसे संपत आलेले असतात, मृग तोंडावर असतो आणि बाजारात जे मिळेल ते वाशांच्या टोकांना ठोकले जाते. पुढे चार-पाच पावसाळ्यांत तीच पन्हळ घराला त्रास देते. सांधा गळतो, भिंत ओली राहते, वाशाचे टोक कुजते, जोत्याशी माती धुपते. दुरुस्तीचा खर्च पन्हळीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. म्हणून हा प्रश्न एकदा सगळीकडून पाहायला हवा. कुठल्या हवेत कुठल्या वस्तूची पन्हळ टिकते, का टिकते, आणि कुठे ती मुळी लावूच नये?

आधी पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छपरावरून दर पावसाळ्यात तीन लाख लिटरहून अधिक पाणी खाली येते. आंबोलीत याच्या दुपटीच्या आसपास. पण पन्हळीला वर्षाच्या आकड्याशी देणेघेणे नसते, तिची परीक्षा एखाद्या तासात होते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यातल्या सर्वांत वाईट तासात सुमारे १९० मिलिमीटर. पन्नास चौरस मीटरच्या एका पाख्यावर असा तास आला तर मिनिटाला दीडशे लिटरहून जास्त पाणी पन्हळीत उतरते. तसा तास क्वचित येतो हे खरे. तरी तासाला १०० मिलिमीटरचा जोर पश्चिम किनाऱ्याने गृहीत धरायलाच हवा, आणि त्या हिशेबानेही मिनिटाला ८३ लिटर होतात.

उभ्या नळासाठी भारतीय मानकांत कोष्टक आहे. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर ७५ मिलिमीटर व्यासाचा नळ सुमारे २० चौरस मीटर छपराचे पाणी नेतो, १०० मिलिमीटरचा सुमारे ४३ चौरस मीटरचे. पाऊस दुप्पट झाला की हे क्षेत्र निम्मे. दोन्ही टोकांना तीन इंची नळ लावून मध्ये दहा मीटर लांब पन्हळ सोडणाऱ्याने हे आकडे एकदा पाहावेत. चार इंची पन्हळ पुण्याच्या पूर्वेला चालेल, कोकणात सहा इंचांच्या खाली जाऊ नये. माप चुकले तर वस्तू कितीही उंची असो, पाणी काठावरून भिंतीवरच येणार.

जुन्या कोकणी घराला सर्व बाजूंनी पन्हळ नव्हतीच. छपराची वळचण दोन-तीन फूट बाहेर काढलेली, पागोळ्या जोत्यापासून लांब पडत, त्यांच्या रेघेत चिऱ्याचे तुकडे किंवा गोटे पसरलेले आणि तिथून ढाळ थेट परड्याकडे. वाऱ्याच्या बाजूला पावसाळ्याआधी माडाच्या झापांची झड बांधली जाई, म्हणजे भिंतीवर मारा होत नसे. १८६५मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले सगळ्या किनाऱ्यावर पोचली, तरी वळचणीची ही रीत बदलली नाही. पन्हळ असे ती दारावर, दोन पाखी मिळतात त्या खोलगट जागी, किंवा पाणी पिंपात घ्यायचे असेल तिथे. ती बहुधा पोफळीची. पोफळीच्या खोडाचा गाभा मऊ आणि बाहेरचे कवच टणक, त्यामुळे खोड उभे चिरून आतला भाग खरवडला की तयार पन्हळ हाती येते. काही पावसाळ्यांत ती कुजे, मग बागेतली पडलेली दुसरी पोफळ चिरायची. टिकाऊपणाच्या मागे न लागता सहज बदलता येईल अशी वस्तू वापरण्याचे ते शहाणपण होते.

माझे स्पष्ट मत आहे की भोवती मोकळी जागा असलेल्या, मोठ्या वळचणीच्या घराला आजही चारी बाजूंनी पन्हळ लागत नाही. पागोळी जोत्यापासून दोन फूट लांब पडते का, तिथे गोट्यांचा पट्टा आहे का, पाणी घरापासून दूर वाहते का, एवढे पाहिले की पुरे. पन्हळ लागते ती वळचण आखूड असेल तिथे, शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असलेल्या बाजूला, येण्याजाण्याच्या दारावर आणि पाणी साठवायचे असेल तिथे. नव्या घरांत वळचणी आखूड झाल्या, अंगणात फरशी आली आणि फरशीवरून उसळलेले पाणी भिंतीला भिजवू लागले. पन्हळीची गरज वाढली ती मुख्यतः यामुळे.

आता वस्तूंकडे वळू, आणि सुरुवात गावोगाव दिसणाऱ्या जीआय पत्र्यापासून करू. लोखंडी पत्र्यावर जस्ताचा थर, म्हणजे जीआय. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, म्हणून पत्र्याचे आयुष्य थराच्या जाडीवर ठरते. हा थर ग्रॅममध्ये मोजतात, दोन्ही बाजूंचा मिळून. १२० ग्रॅमच्या पत्र्यावर प्रत्येक बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन जस्त असते, २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर सुमारे १९. आंतरराष्ट्रीय मानकांत हवेचे गंजाच्या दृष्टीने वर्ग पाडले आहेत. खाऱ्या किनारी हवेत जस्त वर्षाला साधारण ४ ते ८ मायक्रॉन झिजते, मध्यम हवेत १ ते २ मायक्रॉनच्या आसपास. याचा अर्थ सरळ आहे. गुहागर किंवा वेंगुर्ल्याला समुद्रासमोरच्या घरावर १२० ग्रॅमची पन्हळ एक-दोन वर्षांत जस्त गमावते, २७५ ग्रॅमची फार तर चार-साडेचार वर्षांत. त्यानंतर उरतो अर्ध्या मिलिमीटरचा उघडा पत्रा. हीच २७५ ग्रॅमची पन्हळ साताऱ्याला किंवा कोल्हापूरला रंग न देताही दहा-पंधरा वर्षे काढेल. वस्तू तीच, दुकानही कदाचित तेच, आणि आयुष्य तिपटी-चौपटीने वेगळे.

दुकानात मात्र पत्र्याचा गेज विचारला जातो, जस्ताचा थर कोणी विचारत नाही. गेज म्हणजे पत्र्याची जाडी, गंजाशी तिचा संबंध दुय्यम. थराचे ग्रॅम मूळ गुंडाळीच्या छापावर किंवा कारखान्याच्या दाखल्यावर असतात. ते दाखवा म्हणून आग्रह धरायला संकोच वाटू नये.

मिठाबद्दल आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण तिथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. पत्रा पावसाने गंजतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात जोराचा पाऊस मीठ धुऊन नेतो. खरा घात होतो तो ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत, जेव्हा वाऱ्याबरोबर आलेले मीठ पत्र्यावर बसते, रात्रीच्या दवाने ओले होते आणि धुतले जात नाही. म्हणून पन्हळीची खालची आणि भिंतीकडची बाजू, जिथे पाऊस पोचत नाही, ती आधी जाते. आतल्या बाजूला कुजकी पाने आणि गाळ साचला तर त्याखालीही तेच. वरून चकचकीत दिसणारी पन्हळ खालून चाळण झालेली असते. समुद्रापासून अंतर वाढते तसे मीठ झपाट्याने कमी होते. लाटांपासूनचे पहिले काहीशे मीटर सर्वांत वाईट, आणि मध्ये डोंगराची सोंड किंवा दाट झाडी असेल तर फरक आणखी पडतो. तमिळनाडूतल्या कराईकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने देशाचा गंजाचा नकाशा तयार केला आहे. घर बांधणाऱ्याने निदान शेजारच्या घराचे खिडकीचे गज आणि जुनी शेड पाहावी. त्या जागेची हवा लोखंडाला काय करते हे तिथे डोळ्यांनी दिसते.

जीआयच्या पुढची पायरी म्हणजे रंगीत पत्रा. गच्चीवर शेड घालण्याची लाट कोकण, गोवा, मुंबईच्या उपनगरांत सगळीकडे आली आणि तिच्याबरोबर त्याच पत्र्यातून वाकवलेली पन्हळही आली. चांगल्या रंगीत पत्र्याखाली नुसते जस्त नसते. ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असा मिश्र थर असतो, तो गॅल्व्हल्यूम या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलने तो १९७२मध्ये बाजारात आणला. साध्या जस्तापेक्षा हा थर खाऱ्या हवेत निश्चितच अधिक काळ टिकतो. पण त्याला दोन मर्म आहेत. पहिले म्हणजे कापलेली कड. फॅब्रिकेटर ग्राइंडरने पत्रा कापतो तेव्हा ठिणग्यांनी कडेचा थर जळतो, लोखंडाचा कीस पत्र्यावर चिकटतो आणि पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उठतात. पन्हळीला कड आणि भोके छपरापेक्षा कितीतरी जास्त असतात. कात्रीने कापलेला पत्रा हवा, कीस लगेच झाडून टाकायला हवा, कडेला रंगाचा हात हवा. दुसरे मर्म म्हणजे ओले सिमेंट. गिलावा करताना पन्हळीवर सांडलेला माल तसाच राहिला तर थराला खातो. हमीपत्रही नीट वाचावे. समुद्रापासूनचे अंतर आणि पावसाने न धुतला जाणारा भाग यांबद्दल त्यात अनेकदा अटी असतात, आणि पन्हळीची खालची बाजू नेमकी त्या अटीत सापडते.

ॲल्युमिनियमचे मला अधिक कौतुक आहे. त्याच्यावर आपोआप एक पातळ ऑक्साइडचा थर धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. लोखंडासारखा तांबडा गंज नाही, वजन कमी, वाकवायला सोपा. किनाऱ्यालगतही ॲल्युमिनियमची रंगीत पन्हळ नीट बसवली तर दोन दशके काढते. खार त्यालाही बारीक खड्डे पाडतो, विशेषतः साचलेल्या गाळाखाली, म्हणून पातळ पत्रा घेण्यात अर्थ नाही. पाऊण मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. मशिनवर जागेवरच अखंड लांबीची पन्हळ काढून देणारे कारागीर आता मोठ्या शहरांत आहेत. अखंड पन्हळीचा फायदा दिसण्यापेक्षा सांधे कमी होण्यात आहे, आणि सांधा कमी म्हणजे गळतीची जागा कमी. ॲल्युमिनियमचे वैर आहे ते ओल्या चुन्या-सिमेंटशी आणि तांब्याशी. तांब्याच्या नळावरून किंवा वातानुकूलन यंत्राच्या तांब्याच्या नळीवरून ठिबकलेले पाणी ॲल्युमिनियमवर पडत राहिले तर तिथे भोक पडते. जस्ताच्या पत्र्याचेही तसेच.

मग पीव्हीसी. खाऱ्या हवेला सर्वांत निर्धास्तपणे तोंड देणारी वस्तू हीच. मिठाचा तिच्यावर परिणाम नाही, गंजाचा प्रश्नच नाही, किंमत आवाक्यात आणि तालुक्याच्या गावातला प्लंबरही ती बसवू शकतो. कोकणातल्या सामान्य घरासाठी मी आधी हिचाच विचार करीन. पण पन्हळ म्हणून बनवलेली पीव्हीसी आणि पाण्याचा पाइप उभा चिरून केलेली पन्हळ यांत मोठा फरक आहे. गावात हा चिरलेला सहा इंची पाइप फार दिसतो. पाइप बंद गोल असतो तोवर त्यात ताकद असते. चिरला की ती जाते, कडा आत-बाहेर वळतात, आणि मधल्या भागात तो झोळ खातो. शिवाय जमिनीत पुरायचा किंवा भिंतीत दडवायचा पाइप सतत उन्हात राहण्यासाठी बनवलेला नसतो. पन्हळीच्या पीव्हीसीत उन्हातल्या अतिनील किरणांना अडवण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि इतर द्रव्ये घातलेली असतात. ती नसतील तर पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो, ठिसूळ होतो, आणि मग एक नारळ पुरेसा होतो.

नारळ हा इथे खरोखरचा निकष आहे. माडाखाली घर असेल तर नारळ आणि झावळी दोन्ही पन्हळीवर पडणार. त्याच्या जोडीला माकडे. कौलांची जी नासधूस ती करतात तीच पन्हळीची. वळचणीवरून झाडावर उडी घेताना सगळा भार पन्हळीच्या काठावर पडतो. पीव्हीसी तडकते, ॲल्युमिनियमला पोचा पडतो, जाड पत्रा बहुधा निभावतो. माकडांचा उपद्रव जिथे रोजचा आहे तिथे पीव्हीसी घ्यायचीच असेल तर आधार दर दीड फुटावर द्यावेत आणि तुकडे लहान ठेवावेत, म्हणजे तुटलेला एक तुकडा बदलता येतो.

पीव्हीसीचा दुसरा दोष तापमानाचा. दहा मीटर लांबीची पीव्हीसी पन्हळ ४० अंशांच्या फरकाने सुमारे २८ मिलिमीटर वाढते-आखडते. ॲल्युमिनियम नऊ मिलिमीटरच्या आसपास, लोखंडी पत्रा पाच मिलिमीटरच्या आत. भर उन्हात तापलेल्या पन्हळीवर वळवाची सर आली की काही मिनिटांत एवढा फरक पडतो. सांधे सॉल्व्हंटने घट्ट चिकटवून दोन्ही टोके भिंतीत आवळून टाकली तर पन्हळ कुठेतरी फाटणारच. रबरी पट्टीचे, सरकणारे सांधे यासाठीच असतात. स्वस्तात काम करणारा प्लंबर ते गाळतो आणि मग दोष पीव्हीसीच्या माथी येतो.

विदर्भात हाच दोष निर्णायक ठरतो. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. हवा एवढी तापलेली असताना उन्हातला गडद रंगाचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि पीव्हीसी साधारण ७५-८० अंशांना मऊ पडू लागते. तिथे गडद रंगाची पीव्हीसी पन्हळ म्हणजे दरवर्षी थोडा थोडा वाढणारा झोळ. घ्यायचीच तर पांढरी. त्यातून गारपीट. फेब्रुवारी-मार्च २०१४मध्ये मराठवाडा-विदर्भात झालेल्या गारपिटीने पिके झोपवली, आणि त्यानंतरही तशा गारा पडतच आहेत. उन्हाने जुनी झालेली पीव्हीसी गारेने फुटते, पत्र्याला नुसते पोचे पडतात. खार नाही, पाऊस कोकणाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याचा, मग तिथे जाड जस्ताचा किंवा रंगीत पत्रा हेच उत्तर आहे. कोकणासाठी मी जो पत्रा नाकारतो तोच तिथे निःशंक सुचवतो.

घाटमाथ्याचा प्रकार तिसराच. महाबळेश्वरला २२ जुलै २०२१च्या सुमारास एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसाने खाली चिपळूण आणि महाड बुडाले. मीठ तिथे फारसे पोचत नाही, पण जून ते सप्टेंबर पन्हळ एक दिवसही कोरडी होत नाही. शेवाळ धरते, पाने कुजतात, रंगाखाली ओल शिरते. रंग दिलेला २७५ ग्रॅमचा पत्रा, ॲल्युमिनियम किंवा पीव्हीसी, तिन्ही तिथे चालतील. महत्त्वाचे आहे ते माप आणि ढाळ. तीन मीटरला दीड सेंटिमीटर ढाळ दिला तर गाळ पुढे सरकतो. पन्हळ दोरीत सरळ दिसावी म्हणून ढाळ न देणारे कारागीर आहेत, आणि डोळ्यांना बरे दिसते म्हणून मालकही ते मान्य करतात. घाटात ही चूक एका पावसाळ्यात कळते.

स्टेनलेस स्टीलबद्दल सावध करायला हवे, कारण इथे फसगत सर्वांत जास्त होते. पुण्या-मुंबईच्या बाजारात ‘एसएस’ म्हणून विकले जाणारे बरेच काही २०२ जातीचे असते. त्यात निकेल कमी, आणि किनाऱ्यावर ते पहिल्या वर्षातच तपकिरी डाग धरते. ३०४ जात बरी, पण समुद्रासमोर तिलाही डाग पडतात. खाऱ्या हवेसाठी ३१६ लागते, तिच्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते. लोहचुंबक लावून परीक्षा करणारे पुष्कळ आहेत, पण २०२ आणि ३१६ या दोन्हींना चुंबक सारखाच चिकटत नाही. पक्क्या बिलावर जात लिहून घेणे हाच उपाय. पूर्ण पन्हळ ३१६ची करणे बहुतेकांना परवडणार नाही, पण तिचे स्क्रू आणि पट्ट्या मात्र जरूर घ्याव्यात.

तांब्याची पन्हळ पिढ्यान्‌पिढ्या टिकते, समुद्राकाठीही. डाग देऊन सांधता येते, त्यामुळे सांधा धातूइतकाच पक्का. किंमत आणि चोरीची भीती या दोन कारणांनी ती आपल्याकडे अपवादानेच दिसते. पुण्याच्या तांबट आळीत हे कसब अजून हातात असलेले कारागीर आहेत, आणि एखाद्या वारसा वास्तूचे काम निघाले तर त्यांच्याकडेच जावे असे मला वाटते. बीडाच्या पन्हळी आणि नळ मुंबईतल्या ब्रिटिशकालीन इमारतींवर शंभर वर्षांनंतरही उभे आहेत. जड, ठिसूळ, नियमित रंग मागणारे. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते काढून टाकू नयेत, रंगवत राहावेत. फायबरची पन्हळ कारखान्यांच्या शेडला ठीक, पण वरचा लेप उडाला की आतले काचेचे तंतू उघडे पडतात.

सिमेंटच्या पत्र्याची जुनी पन्हळ मात्र वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. तिच्यात ॲस्बेस्टॉस असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसचा प्रत्येक प्रकार कर्करोगाला कारण होतो. धोका मुख्यतः तंतू हवेत उडण्याचा, म्हणून अशी पन्हळ कोरडी असताना कापू नये, घासू नये, भोके पाडू नये. काढायचीच असेल तर पाण्याने भिजवून, न फोडता, अखंड उतरवावी, आणि तुकडे अंगणात भर म्हणून वापरू नयेत. नवीन तर घेऊच नये.

बंगल्यांच्या उतरत्या स्लॅबला जोडून ओतलेली आरसीसी पन्हळ ही मला सर्वांत धोक्याची वाटते. ती घराचाच भाग असते, म्हणून गळते तेव्हा घरात गळते. किनाऱ्यावर खार काँक्रीटमध्ये शिरून सळया गंजवतो, सळया फुगतात, खालचा गिलावा सुटतो. पन्हळ नेहमी बाहेर टांगलेली असावी, म्हणजे ती फुटली तर पाणी अंगणात पडेल. वास्तुविशारदाने आराखड्यात ती भिंतीच्या आत दडवली असेल, तर कोकणातल्या मालकाने तिथेच नकार द्यावा.

इतक्या वस्तू पाहिल्यावर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. पन्हळ बहुतेक वेळा तिच्या पत्र्यामुळे मरत नाही, सांध्यामुळे आणि खिळ्यामुळे मरते. ॲल्युमिनियमच्या पन्हळीला साधा लोखंडी स्क्रू लावला तर तो आधी स्वतः गंजतो आणि मग भोवतालचे ॲल्युमिनियम कुरतडतो. पीव्हीसीची अमर पन्हळ जीआयच्या पातळ हुकांवर टांगली तर हुक गेले की पन्हळ खाली. सहा इंची अर्धगोल पन्हळ पाण्याने भरली की मीटरला जवळजवळ नऊ किलो वजन होते, ओला गाळ धरला तर आणखी. हे सगळे दर मीटरभर अंतरावरच्या एका हुकावर आणि त्यातल्या दोन खिळ्यांवर टांगलेले असते. आधार साठ सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, कोकणात पंचेचाळीस बरे. आणि ते वळचणीच्या पातळ फळीत न ठोकता वाशाच्या टोकात धरायला हवेत.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्याला लागले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. पोफळी-माडांच्या बागा झोपल्या, कौले आणि पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी तौक्ते रत्नागिरी-सिंधुदुर्गाला झोडपून गेले. अशा वाऱ्यात पन्हळीवरचा भार खाली नसतो, वर असतो. वारा वळचणीखाली शिरून तिला उचलतो, आणि ती सुटली की छपराची कडही घेऊन जाते. नुसते अडकवलेले हुक इथे कामाचे नाहीत. वरूनही पन्हळ धरून ठेवणारी पट्टी आणि वाशात खोल गेलेला स्क्रू हवा.

सांध्यात भरायच्या सिलिकॉनचीही निवड असते, हे फार थोड्यांना माहीत असते. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि जस्ताच्या, तांब्याच्या सांध्याला आतून गंज लावते. धातूसाठी ‘न्यूट्रल’ प्रकारचे मागावे. किंमत थोडी जास्त असते, पण सांध्याचे आयुष्य त्यावर ठरते.

शिकागो, टोरांटोसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांसमोर प्रश्न निराळा असतो. तिथे बर्फ वितळून वळचणीशी पुन्हा गोठते, पन्हळ बर्फाने भरते आणि तिच्या वजनाने आधार वाकतात. कडाक्याच्या थंडीत पीव्हीसी ठिसूळ होते, म्हणून घरोघरी ॲल्युमिनियमची अखंड पन्हळ दिसते. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत दिलेली पंचवीस-तीस वर्षांची आश्वासने पुष्कळदा अशाच दूरच्या हवेतून आलेली असतात. तिथली हवा थंड आहे, तिथे सलग चार महिने पाऊस नाही आणि बहुतेक शहरांत समुद्राचे मीठ नाही. हा आकडा वेंगुर्ल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

पाणी साठवायचे असेल तर निवडीला आणखी एक चाळणी लागते. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणात एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते, हे दुःख सर्वांना माहीत आहे. शंभर चौरस मीटरच्या छपरावरून येणाऱ्या तीन लाख लिटरांपैकी दहा हजार लिटर जरी टाकीत राहिले तरी उन्हाळ्यात घराला आधार होतो. पिण्या-स्वयंपाकाच्या पाण्यासाठी पीव्हीसी किंवा रंगीत ॲल्युमिनियम योग्य. तांबे नको, ॲस्बेस्टॉस नको, डांबर लावून बुजवलेले सांधे नकोत. आणि पहिल्या एक-दोन मोठ्या सरींचे पाणी बाहेर काढून देण्याची सोय नळावरच हवी, कारण आठ महिन्यांची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि मीठ त्याच पाण्यात उतरते.

निगेबद्दल थोडेच सांगतो. मृगाआधी पन्हळ झाडणे सगळे करतात. जुलैत एकदा उघडीप पाहून पुन्हा झाडावी, कारण फणस-आंब्याची पाने नळाच्या तोंडाशी बसतात आणि साचलेल्या पाण्यात डास होतात. पाने अडवायला बारीक जाळी लावली तर कोकणातला पाऊस तिच्यावरून उडून जातो, त्यापेक्षा नळाच्या तोंडावर तारेचा गोळा ठेवावा. आणि किनाऱ्यावरच्या धातूच्या पन्हळीला कोरड्या महिन्यांत दोन-तीनदा गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावे, खालची बाजू विसरू नये. बादलीभर पाणी आणि अर्धा तास एवढाच खर्च, आणि रंग देण्यापेक्षाही त्याचा उपयोग अधिक होतो.

शेवटी पैशांचा प्रश्न उरतोच, कारण बहुतेक घरांत पन्हळीच्या वेळी हात आखडलेला असतो. त्या वेळी दुकानदार सर्व घराला पुरेल असा पातळ, स्वस्त पत्रा सुचवील. तो घेऊ नका. लांबी कमी करा. दारावर, आखूड वळचणीच्या बाजूला आणि शेजारच्या भिंतीकडे चांगल्या जाडीची, योग्य मापाची पन्हळ ३१६च्या स्क्रूंनी बसवून घ्या, बाकीच्या बाजूंना पागोळ्या पडू द्या आणि त्यांच्याखाली गोट्यांचा पट्टा घाला. पुढच्या वर्षी हातात पैसे आले की उरलेली बाजू करता येते.